मास्तरांच्या गाडीतला खट्ट

१

उजव्या बाजूचा बुश मेला होता.

हमीदने तो तळहातावर घेतला आणि अंगठ्याने दाबला. चांगलं रबर दाबलं की उलटं ढकलतं, कुरकुर करतं. हे दबलं आणि दबलेलंच राहिलं, बरक्या फणसाच्या गऱ्यासारखं. तेवीस दिवसांपूर्वी त्याने स्वतःच्या हाताने हा बुश बसवला होता. तेवीस दिवसांत कोरं, टणक रबर असं लिबलिबीत आपणहून होत नाही. त्याला कुणीतरी करावं लागतं.

ज्यांना गाडी फक्त बसायला ठाऊक, त्यांच्यासाठी एवढं सांगायला हवं. चाकाला गाडीशी धरून ठेवणारा एक लोखंडी हात असतो. गॅरेजवाले त्याला लोअर आर्म म्हणतात. त्या हाताच्या खांद्यात रबराचा गोळा बसवलेला असतो, तो बुश. रस्त्याचा प्रत्येक खड्डा आधी तो खातो आणि उरलासुरला माणसाच्या कमरेला वाढतो. तो गेला की लोखंड लोखंडावर आपटतं. खट्ट.

हा खट्ट हरिश्चंद्र पोस्टमास्तरांच्या वीस-एकवीस वर्षं जुन्या निळ्या गाडीत तीन महिने मुक्कामाला होता. शहरातल्या धोंडूने दोनदा बुश बदलले, हमीदने एकदा. दर वेळी खट्ट जायचा आणि नव्या सासुरवाशिणीने माहेर गाठावं तसा पंधरा-वीस दिवसांत परत हजर व्हायचा.

मास्तर शेडमधल्या बाकावर ताठ बसले होते. वय चौऱ्याहत्तर. निवृत्तीला चौदा वर्षं झाली तरी खिशाला दोन पेनं, एक निळं, एक लाल.

"काय निघालं, हमीद?"

"मास्तर, तुमच्यावर कोण खार खाऊन हाय काय?"

"माझ्यावर? मी उभ्या जन्मात एक तार उशिरा पोचवली नाही."

"म्हणून तर विचारतो. वक्तशीर माणसावर लोकांचा राग फार."

मास्तर हसले नाहीत. "रविवारी राही येतेय."

राही म्हणजे त्यांची एकुलती लेक, ठाण्याला असते. मास्तरांची बायको जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून भाट्याच्या समुद्राकाठच्या घरात ते एकटे. बाजार, बँक, दवाखाना, सगळं त्या निळ्या गाडीच्या जिवावर.

"गणपतीत आली होती तेव्हा अंगणात उभी राहून म्हणाली, बाबा, गाडी चालतेय तोवर राहा इथे. पण खालून किती गंजलीय बघा, किती दिवस टिकणार? आणि परवा फोनवर बोलताना मी गाडी आत घेत होतो. तिने खट्ट ऐकला. म्हणाली, तीन वेळा दुरुस्त होऊन हे असं असेल तर तुम्ही चालवायची नाही. रविवारी आवाज असला तर गाडी भंगारात, घराला कुलूप, आणि तुम्ही माझ्याकडे. नवव्या मजल्यावर." मास्तरांनी लाल पेन काढून परत खिशाला लावलं. "नवव्या मजल्यावर माणूस काय करतो रे, हमीद?"

हमीदचा मुलगा अरशद दोह्याला सोळाव्या मजल्यावर राहतो. त्याला हे विचारायचं हमीदला कधी सुचलं नव्हतं.

शेडमधली भटकी मांजर एवढ्यात येऊन गाडीच्या उजव्या पुढच्या चाकामागे घुसली होती. हमीदने तिला हुसकावलं. ती निघाली आणि फिरून तिथेच गेली.

आज बुधवार होता.

२

हमीदचं शेड हातखंब्याच्या अलीकडे. चौपदरी रस्ता झाला तेव्हापासून गाड्या त्याच्या डोक्यावरून जातात आणि बिघडल्या तरी पुढे जाऊन बिघडतात. अठ्ठावीस वर्षं मस्कतला वर्कशॉपमध्ये काढून तो परत आला तो बायकोबरोबर, हाजराबरोबर म्हातारपण काढायला. हाजरा तिसऱ्याच वर्षी गेली. म्हातारपण तेवढं उरलं.

त्याला माणसं जोखायची खोड होती. गिऱ्हाईक उतरायच्या आत तो त्याची नोंद करून मोकळा व्हायचा. "आवाज येतो" म्हणतो तो सरळ माणूस. "पुढच्या उजव्या बाजूने आवाज येतो" म्हणतो तो दुसऱ्याकडे जाऊन आलेला. "आवाज येत नाही, पण बायको म्हणते येतो" असं सांगतो त्याची गाडी हमखास मोडकळीला आलेली. मास्तर पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी एक कागद पुढे केला होता. खट्ट कुठल्या तारखेला, कुठल्या वळणावर, किती वेगात. असं गिऱ्हाईक हमीदने दोन देशांत मिळून पाहिलं नव्हतं. आणि खोटं कशाला बोला, मास्तर या ना त्या निमित्ताने दर दोन दिवसांनी येऊन बाकावर बसायचे, ते त्याला आवडत होतं.

गुरुवारी सकाळी तो धोंडूच्या गॅरेजवर गेला. संशयितांत पहिला मान त्याचा.

धोंडू गाडीखालून बाहेर आला आणि हमीदला बघून पुन्हा आत जायला निघाला.

"थांब रे, मी काय मारायला आलेलो नाय."

"मारा की! तेवढंच राहिलंय." धोंडूने फोन काढून नाकासमोर धरला. "हे वाचा. मास्तरांच्या पोरीने नकाशावर माझ्या गॅरेजखाली लिवलंय. 'डुप्लिकेट माल लावून वृद्धांना फसवतात.' एक तारा! बावीस वर्षं गॅरेज चालवतोय आणि माझ्या नावावर एक तारा लटकतोय. दोन महिन्यांत गिऱ्हाईक निम्मं झालं."

"तू बोल्ट कधी आवळलास? चाक लटकत असताना?"

हा प्रश्न साधा नव्हता. आर्मचा बोल्ट गाडी चारही चाकांवर जमिनीला उभी करून मगच शेवटचा आवळायचा असतो. घाईतला मेकॅनिक गाडी जॅकवर असतानाच आवळून टाकतो. मग रबर जन्मभर पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

धोंडूने हात पुसले. "पहिल्या वेळी लटकत," तो खालच्या आवाजात म्हणाला. "खोटं सांगत नाय. दुसऱ्या वेळी खाली उतरवून आवळला, आईशपथ. तरी गेला."

"जुने बुश ठेवलेस?"

धोंडूने एका डब्यातून चार बुश काढून दिले. हमीदने ते उन्हात धरले. डाव्या बाजूचे दोन्ही कडक, तुकतुकीत. उजव्या बाजूचे दोन्ही फणसाचे गरे. पिळून मेलेलं रबर फाटतं, चिरतं. यांना एक चीर नव्हती. फुगून, वितळून मेले होते.

आणि तिसरा तर हमीदने स्वतः, गाडी जमिनीवर उभी करून, आवळला होता. धोंडू गुन्हेगार असेल तर हमीदलाही त्याच्या शेजारी उभं राहावं लागलं असतं.

"मग माल डुप्लिकेट," धोंडू म्हणाला. "उमेरकडून आणला होता. पकडा त्याला."

"मी पण त्याच्याकडूनच आणला," हमीद म्हणाला.

३

उमेरचं सुट्या भागांचं दुकान एवढं अरुंद की आत शिरलेल्या गिऱ्हाइकाला माल घेतल्याशिवाय वळता येत नाही.

"या चाचा! बुश परत?" उमेर हसला. "मास्तरांच्या गाडीला बुश आवडतात हां. खाते की काय?"

"उमेर, खरं सांग. एका डब्यात दोन बुश येतात. एक असली, एक नकली, असं होईल?"

"डबा कंपनीचा सीलबंद. तुम्हीच फोडला. एकाच साच्यातले जुळे भाऊ ते. एक हाजी आणि एक चोर निघायचा तर बाहेरच्या संगतीने निघेल, आईच्या पोटातून नाय."

हमीदने हातातलं रबर पुन्हा दाबलं. बाहेरची संगत. पोरगं टवाळ होतं, पण बोललं ते बरोबर होतं. एका डब्यातले दोन, एक डावीकडे, एक उजवीकडे. डावा धडधाकट, उजवा कामातून गेलेला. म्हणजे दोष मालाचा नव्हे, बसवणाऱ्याचाही नव्हे. जे घडतं ते नंतर घडतं आणि फक्त उजवीकडे घडतं.

शेडवर परत येऊन त्याने गाडी वर घेतली आणि दिवा लावून खाली आडवा झाला. इंजिनचं तेल गळतंय का? इंजिन कोरडं. एक्सलच्या रबरी टोपीतून ग्रीस उडतंय का? टोप्या शाबूत. मग तो नुसताच बघत पडून राहिला, जसं एखाद्या गप्प माणसाकडे बघत बसलं की तो अखेर काहीतरी बोलतोच.

आणि गाडी बोलली.

भाट्याची गाडी म्हणजे समुद्राचा वारा खाल्लेली. डाव्या बाजूचा तळ असायला हवा तसाच होता, पापुद्रे सुटलेला, लाल. उजव्या बाजूला मात्र गंज नव्हता. पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत पत्रा काळसर तुकतुकीत होता. ती चकाकी कडेपासून आत येत होती आणि एका ठिकाणी थांबत होती. तिथून पुढे गंज. हमीदने गाडीच्या कडेशी खांदा लावून हात आत घातला. बोटांची टोकं टेकली बरोबर तिथे, जिथे चकाकी संपत होती. किंवा बरोबर नाही, दोन बोटं अलीकडे.

ज्याने हे केलं होतं त्याचा हात हमीदपेक्षा दोन बोटं लांब होता.

त्याच्या कानाशी काहीतरी चुटुचुटु वाजलं. मांजर आर्म चाटत होती.

४

संध्याकाळी त्याने तक्रारवही काढली.

ही वही हिशेबाची नव्हती. तिच्यात गाड्यांची दुखणी असायची. हमीदचा बाप गलबतावर तांडेल होता आणि तारीख चांदाने लिहायचा. हमीदनेही तीच सवय ठेवली होती, आधी चांदाची तारीख, खाली इंग्रजी. दोह्याहून अरशद चिडवायचा, अब्बा, गाडीचं सर्व्हिसिंग काय चांद बघून करायचं?

मास्तरांनी दिलेल्या, आणि परवाच भर घातलेल्या कागदावर खट्ट पहिल्यांदा ऐकू आल्याच्या तारखा होत्या. एकोणतीस सप्टेंबर. दुरुस्तीनंतर पुन्हा, एकोणतीस ऑक्टोबर. पुन्हा, अठ्ठावीस नोव्हेंबर. आणि हमीदच्या दुरुस्तीनंतर, सत्तावीस डिसेंबर. महिनाअखेर जवळ आली की आवाज येतो, एवढंच त्यातून दिसत होतं, आणि महिनाअखेरीचा आणि रबराचा काही संबंध नव्हता. शिवाय तारखा हळूहळू मागे सरकत होत्या.

हमीदने प्रत्येक तारखेवर चांद लिहिला.

पाच. सहा. सहा. सहा.

त्याने चष्मा पुसला. इंग्रजी तारखा सरकत होत्या, चांद जागचा हलला नव्हता. जे काही होत होतं ते चांद उगवायच्या थोडं आधी होत होतं, अमावस्येला, आणि त्याच्या आठवडाभराने रबर दम सोडत होतं.

आता चांद बघून काम करणारी माणसं किती? एक हमीद स्वतः. दुसरे मशिदीतले मौलवीसाहेब, त्यांचं बुशांशी काही वैर नव्हतं. तिसरे भटजी, त्यांना अमावस्येला दुसरीकडे बोलावणी असतात. आणि चौथा, ज्याचं अख्खं आयुष्य उधाणाच्या भरतीने आखलेलं असतं तो. उधाणाला पाणी वर येतं, होड्या वर ओढायला सोप्या जातात. वर ओढल्या की तळ खरवडून त्याला माशाचं तेल लावतात, लाकडाला पाणी लागू नये म्हणून. तेल दाट असेल तर त्यात डिझेल घालून पातळ करतात.

डिझेल. लोखंडाला बरं. लाकडाला चालतं. पण रबराला दाखवलं तर रबर आठवड्यात फुगून बसतं.

त्याने मास्तरांना फोन लावला. "मास्तर, गाडी उभी कशी करता?"

"डावी बाजू कुंपणाच्या जांभ्याच्या गडग्याला लावून. उजवीकडून मला उतरायला नको का?"

"आणि तुमच्याकडे येतं-जातं कोण?"

"कोण येणार? दूधवाला फाटकातून परत जातो. भागोजी येतो अंगण झाडायला. का रे?"

हमीदने फोन खाली ठेवला. भागोजीला तो ओळखत होता. सहा फुटी होडीवाला, उभा राहिला की हात गुडघ्यापर्यंत पोचायचे.

५

शुक्रवारची नमाज आटोपून, जुने बुश तात्पुरते परत बसवून तो मास्तरांचीच गाडी घेऊन भाट्याला गेला. मास्तर जेवून झोपले होते. भागोजी अंगणाच्या पायरीवर समुद्राकडे तोंड करून बसला होता. हात मांडीवर उताणे, कुणीतरी काहीतरी ठेवेल म्हणून वाट बघत असल्यासारखे.

"काय भागोजी? बरा हायस?"

"बराच म्हनायचा. बस."

हमीद उभाच राहिला. तो गिऱ्हाइकाच्या घरी कधी बसत नसे. "होडी दिसत नाय ती तुझी?"

"नारळी पुनवेला दिली. दाभोळच्या पार्टीला. पोरं मुंबईत, कोन जानार पान्यात? बायको चिमा असती तर तिनं इकू दिली नसती." भागोजी हसला. "आता ती होडी माज्यापेक्षा जास्त समुद्र बगते."

"मग आता दिवसभर करतोस काय?"

"ह्यांचा अंगन झाडतो."

"चार पावलांचं अंगण!"

"हळू झाडतो."

हमीदने गाडी जागेवर लावली. बॉनेट उघडल्यासारखं केलं आणि हातातला एक नट गाडीखाली घरंगळवला.

"हात् तिच्या! भागोजी, नट गेला रे आत. माजी कंबर आज काय वाकायची नाय."

भागोजी उठला. पडवीच्या खुंटीवर एक गोणपाट होतं. तिकडे न बघताच त्याने ते काढलं, उजव्या चाकाशी अंथरलं, पाठीवर आडवा झाला आणि खांद्यापर्यंत हात आत घालून नट काढून दिला. कोपर कुठे टेकायचं, डोकं कुठे वळवायचं, काही शोधावं लागलं नाही. मातीत दोन कोपरांचे खळगे आधीपासून पडलेले होते.

गोणपाटाला माशाच्या तेलाचा आणि डिझेलचा वास येत होता.

"घे तुजा नट," भागोजी म्हणाला आणि अंग झटकून, जणू सांगून टाकावं तसं बोलला, "गाडी चांगली हाय हां मास्तरांची. खालून अजून धा वर्सं काय होत नाय तिला."

हमीद नट खिशात घालून गाडी परत घेऊन निघाला. गुन्हेगार सापडला होता, हत्यार सापडलं होतं, दिवसही सापडला होता. नाव घेतलं नाही तर धोंडूच्या माथ्यावरचा तारा तसाच राहणार होता. नाव घेतलं तर हा माणूस पुन्हा या अंगणात पाय ठेवणार नव्हता. आणि हा असं का करतो, ते अजून कळलंच नव्हतं.

६

शनिवारी हमीदने नवे बुश घातले, गाडी जमिनीवर उभी करून बोल्ट आवळले, आणि उजवीकडचं तेल पुसपुसून काढलं. रविवारी सकाळी राहीने स्वतः गाडी चालवली. हमीद शेजारी. भाट्याच्या पुलावरून, गतिरोधकांवरून, मुद्दाम शोधून काढलेल्या एका खड्ड्यातून. गाडी दुधासारखी चालली.

"हे पंधरा दिवसांचं, काका," राही म्हणाली. "आधीही असंच झालं."

"आता नाय होणार."

"कशावरून?"

"चला, पडवीत सांगतो."

पडवीत मास्तर होते, इस्त्रीच्या शर्टात, परीक्षेच्या निकालाला बसल्यासारखे. धोंडूला हमीदने बोलावून घेतलं होतं. तो कठड्याला टेकून राहीकडे न बघण्याचं काम नेटाने करत होता. भागोजी नेहमीच्या पायरीवर.

हमीदने टीपॉयवर दोन बुश ठेवले. "हा डावा, हा उजवा. एका डब्यातले, एका दिवशी बसवलेले. दाबून बघा."

राहीने दाबले. उजव्यात तिचं बोट रुतलं.

"म्हणजे माल खरा. धोंडूची लबाडी असती तर दोन्ही गेले असते, आणि मी बसवलेला तर टिकला असता. रबराला तेल लागलं, डिझेल घातलेलं माशाचं तेल, आणि ते बाहेरून कुणीतरी लावलं. फक्त उजवीकडे, कारण डावीकडे गडगा. फक्त हातभर आत, कारण हात तेवढाच. दर अमावस्येला. गंज लागू नये म्हणून लावलं, वाईटासाठी नाय. पत्रा वाचला, रबर मेलं."

"कोणी?" राहीने विचारलं.

हमीदने पंख्याकडे बघितलं. "नाव सांगायची गरज काय? मी त्याला समजावतो."

"गरज काय?" धोंडू उसळला. "हमीदभाई, तुमच्यावर लिवलंय काय इंटरनेटवर? माझी अब्रू गेलीय! नाव सांगा."

खाली अंगणात कोंबडी माती उकरत होती.

"माजा हात," भागोजी म्हणाला.

तो उभा राहिला होता. मास्तर त्याच्याकडे बघत राहिले, ओळखीच्या पत्त्यावर अनोळखी नाव वाचावं तसे.

"भागोजीकाका? तुम्ही?" राही म्हणाली. "पण का?"

"तूच बोल्लीस ना गो, गनपतीत. हितंच उभी राहून. गाडी चालत्येय तवर बाबा राहतील, पन गंजल्येय. मी म्हटलं, गंजाचं काय, गंजाला मी हाय. होडीच्या तळाला चाळीस वर्सं गंज नि कीड लागू दिली नाय." त्याने हात पाठीमागे घेतले. "रबराचं मला काय म्हाईत? होडीला रबर नसतं."

"बाबांना न सांगता?"

"झोपलेले असत. दोनला आडवे होतात, सव्वादोनला घोरायला लागतात. चारला खोकला. दिवाळीच्या आवसेला घोरले नायत, म्हनून मी खिडकीतून बगितलं. छातीवर पेपर ठेवून जागे होते. मग मी त्या दिवशी उशिरा लावलं."

राहीचा चेहरा बदलला, ते हमीदने टिपलं. तिला गाडीबद्दल आणखी काही विचारायचं होतं, ते तिने सोडून दिलं.

"गेल्या महिन्यात बाबांचा फोन दोन दिवस लागत नव्हता," ती सावकाश म्हणाली. "म्हणाले, चार्जर बिघडला."

मास्तर घसा खाकरू लागले.

"ताप हुता," भागोजी म्हणाला. "तुला सांगू नको बोल्ले. दोन रात्री मी हितं पडवीतच हुतो. पेज पीत नव्हते, मग मीठ जास्त घातलं, तेवा प्यायले."

"भागोजी!" मास्तर म्हणाले.

"आता काय लपवायचं, मास्तरानू? चोर तर मी ठरलोच."

राहीने हातातला बुश टीपॉयवर ठेवला. मग तिने फोन काढला, काहीतरी दाबलं आणि धोंडूसमोर धरला. "काढून टाकलं. माझं चुकलं. पाच तारे देऊ का?"

"नको, नको. काढलात तेवढं पुरे," धोंडू घाईने म्हणाला. "पाच दिलेत तर लोक म्हनतील नातेवाईक हाय."

ती हसली, आणि हसता हसता तिला डोळे पुसावे लागले. "बाबा, मी खट्टला घाबरत नव्हते. मला वाटायचं इथे तुम्हाला काही झालं तर चार दिवस कुणाला कळणार नाही." तिने भागोजीकडे बघितलं. "माझ्या सोसायटीत नऊ मजले आहेत. तुम्ही किती वाजता खोकता, ते एकालाही कळणार नाही. गाडी चालेल तोवर, ते मी मागे घेते. गाडी बंद पडली तरी राहा."

मास्तरांनी दोन्ही पेनं काढली, पुसली, परत लावली. "मी चहा टाकतो," एवढंच म्हणाले आणि आत गेले. आत बराच वेळ भांड्यांचा आवाज झाला नाही.

हमीद भागोजीला घेऊन गाडीखाली शिरला. कुठे लोखंड, कुठे रबर, बोट लावून दाखवलं. रबराला जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून दोरीने बांधला. "ह्याला शिवायचं नाय. बाकी आख्खी गाडी तुझी."

"आणि डावीकडची बाजू? गडग्याकडची?"

"मास्तरांना सांग, महिन्यातून एकदा उलटी लावा."

भागोजीने मान डोलावली. मग विचारलं, "म्हंजे मी यायचं?"

"तू नाय तर काय मांजर येणार?"

७

निकाल चोख लागला होता. हमीदने वहीत मास्तरांच्या गाडीखाली आडवी रेघ मारली.

पहिल्या आठवड्यात त्याला बरं वाटलं. दुसऱ्या आठवड्यात हातखंब्याकडून निळं काही वळलं की तो मान वर करायचा. ते दुसरंच काहीतरी असायचं. तिसऱ्या आठवड्यात अरशदचा फोन आला.

"अब्बा, सगळं ठीक?"

"ठीक."

"काम हाय ना?"

"हाय की."

एक ट्रक आणि दोन रिक्षा, एवढं काम होतं. फोन ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं, की आख्ख्या संभाषणात तो तीन शब्द बोलला होता. महिनाभर एक माणूस येऊन त्याच्याजवळ बसत होता, कारण गाडीत एक आवाज होता, आणि तो आवाज त्याने स्वतः शोधून, पकडून, हाकलून दिला होता. एवढ्या हुशारीने त्याने आजवर कुठलंच काम केलं नव्हतं.

महिना झाला त्या दिवशी दुपारी साडेतीनला त्याने शेडचं शटर ओढलं. हत्यारांची पिशवी सवयीने उचलली, दारापर्यंत नेली आणि परत आत ठेवून स्कूटर काढली.

भाट्याच्या पडवीत मास्तर आणि भागोजी बसले होते. मास्तर पेपर वाचून दाखवत होते आणि भागोजी झोपला होता की ऐकत होता, ते सांगणं कठीण होतं. फाटक वाजलं तशी मास्तरांनी आधी हमीदकडे, मग गाडीकडे बघितलं.

"काय रे? काही राहिलं का तिचं?"

"नाय. गाडी ठीक हाय."

"मग? कुठे निघाला होतास?"

"हितंच."

हमीद पायरीशी उभा होता. दोन्ही हात मोकळे होते आणि ते कुठे ठेवायचे ते त्याला कळत नव्हतं. मास्तरांनी चष्म्यावरून त्याच्याकडे नीट बघितलं. मग पेपरची घडी घातली आणि भागोजीला कोपराने ढोसलं.

"सरक. माणूस आलाय."

भागोजी डोळे न उघडता सरकला. हमीदने वाकून चपला काढल्या.